येतो, फुफी

तय्यबला त्या सकाळी एवढंच काम होतं. गिल साहेबांची बॅग डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचवायची. तिथे वेदांग गाडी घेऊन उभा राहणार, साहेबांना विमानतळावर सोडणार, आणि तय्यब परत येऊन चहा टाकणार. वाट रोजची होती. वाळूतला कच्चा ट्रॅक, एका अंगाला अर्धे बांधलेले व्हिला, दुसऱ्या अंगाला नुसती वाळू. डोळे मिटून चालला असता तरी चुकला नसता, असं तय्यब स्वतःच म्हणायचा.

सिलिकॉन ओएसिसच्या टॉवरांच्या बऱ्याच पलीकडे हे बांधकाम होतं. २००८ सरता सरता दुबईला मंदीने धरलं आणि काम जागच्या जागी थांबलं. क्रेन होत्या तिथेच मान वाकवून उभ्या राहिल्या. मजूर मुहैस्नाहच्या कॅम्पमधून परस्पर आपापल्या देशी गेले. मागे दोघे उरले. सामान राखायला तय्यब, आणि परवाना जिवंत राहावा म्हणून कागदावर लागणारा एक इंजिनीअर, म्हणजे गिल साहेब.

तय्यबला त्याचं काही वाईट वाटलं नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात लोखंड कापण्याच्या आवाजात काढली होती. इथे कानाला आराम होता. दोन वेळचं जेवण होतं, केबिन होती, संध्याकाळी वारा होता. माणसाला याहून जास्त काही लागतं असं त्याला वाटत नसे.

गिल म्हटल्यावर सगळ्यांना आधी वाटायचं, कुणी पंजाबी असणार. पहिल्या दिवशी तय्यबने त्यांना "सतश्री अकाल" घातला होता. समोर उभा लालबुंद तोंडाचा, पांढऱ्या भुवयांचा आयरिश माणूस. पूर्ण नाव गिलहूली. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून गिल. त्या सतश्री अकालवर साहेब पुढे कित्येक महिने हसत होते.

जनरेटर संध्याकाळी थोडाच वेळ चालवायची परवानगी होती. मग दोघे केबिनच्या दारात कंदील ठेवून बसत. साहेब त्यांच्या गावाबद्दल बोलत. गावाचं नाव क्लूनाब्रॅक. ते त्याला टाउनलँड म्हणत. तय्यबने टाउन ऐकलं आणि विचारलं,

"बाजार केवढा तुमच्या टाउनचा?"

"बाजार नाही."

"चर्च?"

"नाही. दारूचं दुकानसुद्धा नाही. नुसती जमीन आहे, तय्यब, आणि तिची नावं."

मग तय्यबला कळलं. हे कोकणातल्या वाडीपेक्षाही लहान प्रकरण होतं. प्रत्येक तुकड्याला नाव. गाढविणीचा तुकडा. विधवेचा कोपरा. एका शेताला भुकेचं शेत म्हणत, कारण दुष्काळात बटाटा कुजला तो आधी तिथे. त्या शेतातून जाताना आजही माणसं खिशात पावाचा तुकडा ठेवतात, नाहीतर मध्येच पोटात खड्डा पडतो आणि पाय उचलत नाही. दुष्काळानंतर जमीनदाराची माणसं आली आणि त्यांनी घरांची छपरं ओढून पाडली. लोक जहाजांवर चढून गेले. भिंती राहिल्या. शेतांभोवती दगडावर दगड रचलेले बांध राहिले.

"म्हणजे गडगे," तय्यब म्हणाला. "आमच्याकडेही आहेत. चुना नाही, माती नाही, नुसते दगड."

"आणि माणसं?"

"माणसं इकडे आलीत," तय्यब म्हणाला, आणि दोघे हसले.

जे थोडे क्लूनाब्रॅकला राहिले ते तोंडाचे मिटलेले. नाही म्हणायचं असेल तर गप्प बसतात. पण उंबऱ्यावर बोललेला शब्द तिथे दगडासारखा बसतो. साहेबांच्या आजोबांनी एका शेजाऱ्याला दारात उभं राहून सांगितलं होतं, तुझं गवत मी कापीन. त्या रात्री आजोबांना झटका आला आणि अर्धं अंग गेलं. तरी खाटेवर घालून त्यांना शेतात नेलं, आणि त्यांनी एका हाताने कापलं. तय्यबला हे फार पटलं. तोही शब्दाचा माणूस होता आणि ते त्याला ठाऊक होतं.

आता तिथे एकच घर नांदतं होतं. साहेबांची आत्या, नोरा. वय नव्वदीच्या पुढे.

"म्हणजे तुमची फुफी," तय्यब म्हणाला.

तिने चूल कधी विझू दिली नव्हती. रात्री निखारे राखेत झाकायचे, सकाळी उघडायचे. तिच्या आजीच्या आजीने पेटवलेला विस्तव तोच. ती चूल विझली की क्लूनाब्रॅक नकाशावर राहील, जमिनीवर राहणार नाही, असं साहेब म्हणत.

एकदा तय्यबने चकव्याची गोष्ट काढली. त्याच्या गावी खाडीकाठच्या मळ्यात चकवा लागतो. माणूस आपल्याच शेतात सकाळपर्यंत फिरत राहतो. साहेब ताठ बसले. त्यांच्याकडेही तेच. जमिनीचा एक तुकडा असा असतो की त्यावर पाय पडला की वाट जाते. उतारा म्हणजे कोट उलटा करून घालायचा.

"आणि चकव्यात स्वतःचं घर दिसलं तर आत जायचं नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "परका गेला तर परत येतो. घरचा गेला तर... आमचा एक चुलता गेला होता."

"मग?"

"मग काही नाही. टोपी सापडली."

२०१० च्या जानेवारीत क्लूनाब्रॅकजवळच्या डॉक्टरचा फोन आला. नोराने अंथरूण धरलं होतं. एक-दोन दिवस, फार तर. शेजार मैलभर लांब, चूल बघायला कुणी नाही. साहेबांनी तिकीट काढलं. आयुष्यात एवढा घाबरलेला माणूस तय्यबने पाहिला नव्हता. मरण सगळ्यांना आहे, ते म्हणाले, पण तिच्या डोळ्यांदेखत चूल विझू नये. तेवढं मला गाठायचंय.

आणि नेमकं त्याच सकाळी धुकं उतरलं.

वाळवंटातलं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ते येत नाही, असतंच. केबिनचं दार उघडलं तर बाहेर दूध. वेदांगचा फोन आला.

"चाचा, व्हिजिबिलिटी झिरो आहे. मी मेन रोडवर साइडला थांबलोय, हॅझर्ड लाइट लावून. ट्रॅकवर गाडी घालत नाही, वाळूत रुतली तर खलास. फ्लाइट डिले आहे, कॅन्सल नाही. सरांना चालत आणा. यल्ला, लवकर."

वेदांग पुण्याचा. कंपनीच्या ऑफिसातून आठवड्याला पाणी आणि डिझेल घेऊन यायचा. पोरगा बडबड्या, पण कामाचा.

दोघे निघाले. बॅग तय्यबच्या खांद्यावर. पहिला व्हिला लागला, दुसरा लागला. त्यानंतर एक उंच, बिनखिडक्यांची भिंत यायला हवी होती. ती आली नाही. पायाखालचा आवाज बदलला. वाळू करकरते. हे मऊ होतं, दबणारं. तय्यबने वाकून हात लावला. ओलं गवत.

"साहेब..."

"बोलू नकोस. चालत राहा."

वास आला. लाकडाचा धूर नव्हे, कोळशाचाही नव्हे. माती जळत असावी असा, गोडसर आणि जुना. कुठेतरी पाणी वाहत होतं. मग कमरेएवढा गडगा समोर आला. करडे दगड, वर पांढरी बुरशी. साहेबांनी त्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"हा माझ्या आजोबांनी रचलाय," ते म्हणाले. "हा इथला दगड त्यांच्या बोटावर पडला होता."

गडग्यापलीकडे घर. ठेंगणं, पांढरं, दार अर्धं उघडं. आत तांबूस उजेड, विझत आलेला. तय्यब गडग्यापाशीच थांबला. त्याने बाजूला पाहिलं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांचा एक पाय गडग्यावर चढला होता.

तय्यबने त्यांचा दंड धरला. "तुम्ही नाही जायचं. तुम्हीच सांगितलंत."

"आग जातेय, तय्यब. बघ ना... जातेय."

"मी परका आहे. मी जातो. तुम्ही कोट उलटा करा आणि हा दगड सोडू नका."

त्याने बॅग खाली ठेवली आणि गडगा ओलांडला. जोडे दारात काढले, कारण कुणाच्या घरात तो जोड्यांनी कधी गेला नव्हता.

आत खुर्चीत म्हातारी बसली होती. खांद्यावर शाल, मान छातीवर. चुलीत एक निखारा उरला होता, बोराएवढा. तिने मान वर केली नाही. ती जे बोलली त्यातला एकही शब्द तय्यबला पुढे आठवला नाही. अर्थ तेवढा आठवला. माझे हात चालत नाहीत, पोरा. तू बघ.

कोपऱ्यात जळणाच्या तपकिरी विटा रचल्या होत्या, हातात घेतल्या तर गोवरीसारख्या हलक्या. तय्यबने त्या चुलीत लावल्या, त्याची आई लावायची तशा, आडव्या-उभ्या, मध्ये हवेला जागा सोडून. गुडघ्यावर बसून फुंकर घातली. धूर डोळ्यांत गेला. मग ज्योत उठली, आणि भिंतीवर म्हातारीची सावली पडली. त्याची स्वतःची पडली नाही. ते त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"मेन रोड कुठे, फुफी?" त्याने विचारलं. दुसरं काय बोलायचं ते सुचलं नाही.

तिने बोट दाखवलं.

तय्यब उठला. दारापर्यंत गेला, जोडे घातले. घरातून निघताना वडीलधाऱ्या माणसाला काही न बोलता निघायचं नसतं. तो उंबऱ्यावर वळला.

"येतो, फुफी."

म्हातारीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. डोळे फिके निळे, पार स्वच्छ.

"येतोस?"

"येतो," तय्यब म्हणाला आणि बाहेर पडला.

साहेब कोट उलटा घालून दगडाला धरून उभे होते. तय्यबने बॅग पुन्हा खांद्यावर घेतली आणि म्हातारीने बोट दाखवलं होतं त्या दिशेने दोघे चालले. गवत संपलं, वाळू करकरली आणि समोर हॅझर्ड लाइट लुकलुकले.

"आलात पण?" वेदांग काच खाली करून म्हणाला. "आत्ता तर फोन ठेवला मी. धावत आलात की काय? आणि सर, तुमचा कोट... चाचा, काय जाळलंत तुम्ही? कसला वास येतोय अंगाला?"

साहेबांनी तय्यबलाही गाडीत बसवून घेतलं. मग विचारलं, "आत काय झालं ते सगळं सांग." तय्यबने सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, मोडक्या हिंदीत. विटा, फुंकर, बोट. शेवटी, येतो म्हटलं आणि निघालो.

"येतो म्हणजे?"

"म्हणजे... आय ॲम कमिंग."

साहेबांचं तोंड पांढरं पडलं. "तू निघताना तिला सांगितलंस, मी येतोय? उंबऱ्यावर उभं राहून?"

"सर, तसं नाही," वेदांग घाईने म्हणाला. "इट्स जस्ट आमची बाय म्हणायची पद्धत. जातो म्हणत नाही आम्ही. अशुभ वाटतं. सगळेच येतो म्हणतात. कुणी येत नाही."

"हे तुला माहीत आहे," साहेब म्हणाले. "तिला कोण सांगणार?"

साहेब गेले. दिवस गेले. मग फोन आला. आवाज वेगळाच होता, लहान मुलासारखा.

"तय्यब, ती जिवंत आहे. खुर्चीत बसून अंडं खातेय. मी पोहोचलो तेव्हा चूल भडकलेली होती. घरात दोन दिवस कुणी आलं नव्हतं. आणि विटा आडव्या-उभ्या लावलेल्या. इथे असं कुणी लावत नाही."

"अल्लाची मेहेरबानी."

"डॉक्टर म्हणतो, हिच्यात काही उरलेलं नाही, ही कशावर जगतेय कळत नाही. ती म्हणते, तो माणूस येतो म्हणालाय. तो यायच्या आधी मी कशी जाऊ?"

तय्यबने हे गावी हव्वाबीला, आपल्या बायकोला, फोनवर सांगितलं. ती हसत सुटली.

"मलासुद्धा दर खेपेला येतो म्हणूनच निघता ना? दोन-दोन वर्षं लागतात यायला. मी मेले का वाट बघून? राहील तीही."

आणि ती राहिली. वर्षं गेली. साहेब परत आलेच नाहीत. त्यांनी मेंढ्या घेतल्या, पडकं एक घर शाकारलं, आणि पुढे एक तरुण जोडपं त्यात राहायलाही आलं. क्लूनाब्रॅकला दुसरी चूल पेटली. म्हातारीने शंभरी ओलांडली. रोज संध्याकाळी ती विचारी, आला का तो? साहेब म्हणत, येईल. फोनवर ते तय्यबला मात्र एकच गोष्ट बजावत.

"तिकीट पाठवायची माझी ऐपत आहे. पण तू येऊ नकोस. तू आलास की ती जाईल."

तय्यबला आतून टोचे. दिलेला शब्द पाळायचा तर बाईचा जीव जातो, न पाळावा तर तय्यब खोटा. अशा कोड्यात तो कधी सापडला नव्हता. पण इकडेही दिवस बरे आले होते. नव्या कंपनीने काम उचललं, व्हिला रंगले, काहींत माणसं राहायला आली. तय्यबला गेटवर ठेवलं. संध्याकाळी खुर्ची टाकून तो बसे आणि मनाशी म्हणे, दोन टोकांना दोघे खुर्चीत बसलोय, दोघांचं बरं चाललंय, कशाला हलवा?

मग वयामुळे त्याचा व्हिसा पुढे वाढेना. गावी जायचं ठरलं. हव्वाबीने घराला रंग दिला. तय्यबने साहेबांना फोन केला.

"मी कायमचा गावी चाललो. तिकडून आता कुठे जाणं नाही. तिला खरं सांगून टाका. तय्यब येणार नाही. शब्द मागे घेतो म्हणाला."

साहेब म्हणाले, "सांगू?... त्या शब्दावरच ती तग धरून आहे. विचार कर."

तय्यबने विचार केला. उभ्या जन्मात शब्द मोडला नाही, हे त्याचं एकच धन होतं.

"राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "सांगू नका. मी खोटा तर खोटा."

त्यानंतर त्याला छान झोप लागली. ओझं उतरल्यासारखं वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा धुकं होतं. बॅगा भरून ठेवलेल्या. वेदांग विमानतळावर सोडायला येणार होता. तय्यबने चहा टाकला आणि फोन वाजला.

"तय्यब..." साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "नोराची खुर्ची रिकामी आहे."

"इन्ना लिल्लाही..."

"नाही. गेली म्हणजे मेली नाही. इथे अजून अंधार आहे. मी उठलो तर दार उघडं. रात्री निजताना म्हणाली होती, तो मागे फिरला. मला ऐकू आलं. तो येत नाही, तर मीच जाऊन येते. मला वाटलं, बरळतेय." ते श्वास घ्यायला थांबले. "बाहेर दंव पडलंय. तिची पावलं गडग्यापर्यंत आहेत. पलीकडे नाहीत."

फोन कानाला धरूनच तय्यब बाहेर आला. धुक्यात दोन पिवळे दिवे हळूहळू मोठे झाले आणि गाडी केबिनसमोर उभी राहिली. वेदांगने काच खाली केली. आता त्याच्या कानांवर चार केस पांढरे झाले होते. बडबड तीच.

"गुड मॉर्निंग, चाचा. काय फॉग आहे यार! तुमच्या पाहुण्या आणल्यात बघा. ट्रॅकवर एकट्या चालत होत्या बिचाऱ्या. म्हटलं बसा, मीही तिकडेच चाललोय. आणि मराठी काय बोलतात, चाचा! आमच्या आजीच्या वर."

"कुठे आहेत?"

"हे काय, मागे." वेदांग मान वळवून मागच्या सीटकडे बघत हसला. "उतरा आजी. आलं. हेच ते तय्यबचाचा. सावकाश, पाय जपून."

तय्यबने मागच्या काचेतून आत पाहिलं. सीटवर कुणीच नव्हतं.

मागचं दार उघडलं. आणि गाडी मागच्या अंगाने किंचित वर आली, आतलं माणूस उतरलं की येते तशी.

तय्यब केबिनच्या दारातून एका बाजूला सरला.

"या," तो म्हणाला.